भंगाराच्या फळीवरून परत

मित्रांनो, मी एक जुना एसएमपीएस आहे, आणि अजून कामावर आहे. हे दुसरं आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या दसऱ्याला ते खोटं ठरायची वेळ आली होती. आता आठवलं तरी माझा पंखा क्षणभर थबकतो.

एसएमपीएस म्हणजे काय, हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल. राग नाही, सवय आहे. कंप्युटरच्या डब्यात एका कोपऱ्यात जी लोखंडी पेटी बसलेली असते ना, तो मी. भिंतीतून वीज येते ती रांगडी, अंगावर येणारी. ती मी आत घेतो, तिचा जोर उतरवतो आणि डब्यातल्या प्रत्येकाला पचेल तेवढीच देतो. मी नसलो तर तुमचा खेळ नाही, अभ्यास नाही, काही नाही. पण कौतुक कुणाचं? स्क्रीनचं. पुसणार कुणाला? स्क्रीनलाच. माऊसला बसायला गादीसुद्धा मिळते. माझ्या वाट्याला मागच्या बाजूची एक काळी वायर आणि वर्षभराची धूळ. जाऊ द्या, रडगाणं गात नाही.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथून निघण्याआधी मला एका टेबलावर ठेवून पूर्ण भार लावला आणि कित्येक तास तसंच चालवलं. माझ्याबरोबरचे दोघंतिघं त्या परीक्षेत गेले. मी टिकलो. मग माझ्या कपाळावर 'साडेसहाशे वॉट' अशी चिठ्ठी लागली. ती चिठ्ठी आता अर्धी सुटली आहे, पण अजून वाचता येते.

मी पहिल्यांदा कामाला लागलो धारला, चिंतामणीमामांच्या मिक्सिंग लॅबमध्ये. लग्नांचे व्हिडिओ कापायचे, गाणी जोडायची, नवरा-नवरीच्या भोवती बदाम फिरवायचे, असं ते काम. मामांनी मला घेतलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "सर, साढ़े चार सौ वॉट में आराम से हो जाएगा." मामा म्हणाले, "भिया, उद्या मी यात काय काय लावीन ते माझं मलाच माहीत नाही. तू मोठाच दे." अशी माणसं भेटायला भाग्य लागतं. लग्नसराईत नालछ्यापासून धरमपुरीपर्यंतच्या वराती माझ्या विजेवर नाचल्या आहेत. मे महिन्यात आतली हवा भट्टीसारखी व्हायची, पण मी एकदाही दगा दिला नाही. मामा डब्यावर थाप मारून गिऱ्हाइकांना सांगायचे, "हा माझा भरवशाचा गडी आहे." ते ऐकून मला किती बरं वाटायचं!

मग ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला. लग्नाचा व्हिडिओ मांडवातच कापून मांडवातच पाठवता येऊ लागला. मामांनी लॅब बंद केली, माझ्यावर एक जुनी चादर टाकली. दोन वर्षं मी त्या चादरीखाली होतो. पंख्यात धूळ साचली, एका पालीनं माझ्या पाठीशी अंडी घातली. कुणी विचारपूस केली नाही. खरं सांगायचं तर मला फार एकटं वाटायचं.

तिथून मला सोडवलं ऋजुतानं. ऋजुता ही मामांची भाची, राहायला देवासला. सुट्टीत धारला आली होती, तेव्हा चादर उचलून म्हणाली, "मामा, ये मैं ले जाऊँ? असाच पडलाय ना!" मामांनी अख्खा डबा तिच्या गाडीत ठेवून दिला.

देवासच्या घरी तिघंच. ऋजुताचे बाबा सुभाषराव एकतीस वर्षं एका फॅक्टरीत मशीनदुरुस्ती करत होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. फॅक्टरी सुटली, पण सवय सुटली नाही. खिशात अजून मल्टीमीटर असतो आणि हाताशी एक वही. घरात काही बिघडलं की वहीत तारीख, वेळ आणि काय दिसलं ते लिहायचं. मिक्सर असो, पंखा असो, गॅसची शेगडी असो, सगळ्यांची नोंद तीत आहे. आई, म्हणजे कमलताई, धारच्या. त्यांच्या घरी आजोबा-पणजोबा संस्थानच्या कचेरीत होते. त्यामुळे सणवार कसे करायचे, कुठल्या दिवशी कशाची पूजा, यात त्या तसूभर चुकत नाहीत. बाबांनी मला ब्लोअरनं स्वच्छ केलं, तेव्हा नाकतोंडातून जी धूळ उडाली, ती पाहून कमलताई म्हणाल्या, "अगोबाई, हा श्वास तरी कसा घेत होता!" मला तेव्हाच हे घर आवडलं.

ऋजुता कंप्युटरवर चित्रं हलती करते. कॉलेज झाल्यावर बाबा तिला म्हणाले होते, "एक वर्ष देतो. येत्या दसऱ्यापर्यंत यात काही जमलं तर ठीक. नाहीतर फत्तेसिंगजींनी फॅक्टरीच्या ऑफिसात जागा ठेवली आहे, तिथं जायचं." फत्तेसिंग म्हणजे बाबांचे जुने सहकारी. बाबा काही वाईट नव्हते, मित्रांनो. त्यांना पोरीची काळजी होती. ऋजुतानंही मान्य केलं होतं. पण त्या दिवसानंतर ती माझ्यासमोर बसून रोज सकाळी किती दिवस उरले ते मोजायची.

वर्ष संपत आलं, दसऱ्यानंतरच्या मंगळवारी फत्तेसिंगजींच्या ऑफिसात जायचं ठरलं, आणि तेवढ्यात इंदूरच्या एका स्टुडिओनं तिला संधी दिली. चार मिनिटांची एक फिल्म करून पाठव, सोमवारी दुपारी बारापर्यंत. आवडली तर घरून काम. ऋजुतानं धरमपुरीचा घाट घेतला. नर्मदेतून पलीकडे जाणारी नाव, पायऱ्या, पाण्यात हलणारी देवळं. काय सुंदर पाणी केलं होतं पोरीनं! पण अडचण अशी की त्या चार मिनिटांत पाच हजार सातशे साठ चित्रं होती आणि ती रंगवून काढणारं जुनं ग्राफिक्स कार्ड एका चित्राला सात मिनिटं घेत होतं. बाबांनी वहीत हिशेब मांडला. अठ्ठावीस दिवस. हातात होते पाच.

त्याच संध्याकाळी बाबा न सांगता बाहेर गेले आणि खोका घेऊन आले. आत नवं ग्राफिक्स कार्ड! दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. ऋजुता म्हणाली, "बाबा, तुम्ही तर म्हणत होता की..." बाबा म्हणाले, "म्हणत होतो ते म्हणत होतो. आता जे काम धरलंस ते पुरं कर." आणि चष्मा पुसत बसले.

खंडेनवमीला आईंनी सगळ्या हत्यारांची पूजा केली. बाबांचे पाने, पकडी, मल्टीमीटर, स्वतःचं शिवणयंत्र, सगळं. नव्या कार्डाची पूजाही झाली, पण ती बाहेर, पाटावर. मी इथं डब्यात. मला धुपाचा वास आला आणि घंटा ऐकू आली, इतकंच. दसऱ्याच्या दिवशी सोनं लुटून आल्यावर ऋजुतानं कार्ड माझ्या शेजारी बसवलं आणि माझ्या पोटातून निघालेली आठ टोकांची वायर त्याच्या सॉकेटात दाबली. नवं कार्ड थोराड होतं, तीन पंख्यांचं. मी मनात म्हटलं, ये रे बाबा, तुझी भूक कितीही असू दे, मामांनी मला मोठाच घेतला आहे.

ऋजुतानं काम सुरू केलं. पहिलं चित्र चार सेकंदांत! ती ओरडलीच. दुसरं, तिसरं, दहावं... आणि विसाव्या चित्राला स्क्रीन काळी. कार्डाचे तिन्ही पंखे बोंब मारत सुटले. बाकीचे दिवे आपले चालूच.

पुन्हा सुरू केलं. या वेळी चाळीस. पुन्हा काळी. मग एकतीस. नुसतं चालू ठेवलं तर दिवसभर काही होत नसे. खरं काम अंगावर आलं की संपलं.

शुक्रवारी बाबा मल्टीमीटर घेऊन बसले. भिंतीतली वीज मोजली, दोनशे सव्वीस. चांगली होती. मग माझ्या एका मोकळ्या टोकात तारा घालून ऋजुताला म्हणाले, "चालव." स्क्रीन काळी झाली तेव्हाही काटा हवा तिथंच, बारा व्होल्टवर होता. बाबांनी वहीत लिहिलं : 'बंद पडताना बारा व्होल्ट जागेवर.' ते वाक्य ते बराच वेळ बघत राहिले. फॅक्टरीत असते तर त्यावरून पुढचं बोलले असते. इथं मात्र पुटपुटले, "आपल्या मोटारी वेगळ्या, ही नवी विद्या वेगळी."

आणि मी? मित्रांनो, खोटं कशाला बोलू, माझा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. त्या आठ टोकांच्या वायरीतून वीज जाता जाता अडखळत होती, ते मला जाणवत होतं. पण का, ते कळत नव्हतं. मला वाटलं, वय झालं. चादरीखालच्या त्या दोन वर्षांनी आतून पोखरलं असणार. पोरीचं वर्ष माझ्यापायी वाया जाणार, या विचारानं मी नुसता तापत होतो.

शनिवारी सकाळी बाबा आणि ऋजुतानं डबा उचलून पीयूषच्या दुकानात नेला. पीयूष म्हणजे कंप्युटर दुरुस्तीवाला. भला माणूस, पण घाईचा. त्यानं माझ्या कपाळावरची चिठ्ठी वाचली, मागची धूळ बघितली आणि सांगून टाकलं, "काका, एसएमपीएस बैठ गया. पुराना माल है, नए कार्ड का लोड नहीं झेल रहा."

बाबा म्हणाले, "पण बारा व्होल्ट हलत नाहीत हो, म्हणजे याच्यातून वीज नीट निघतेय."

"अरे काका, वो मीटर में नहीं दिखता!"

बाबांनी उघडलेली वही मिटून खिशात घातली. पाच मिनिटांत पीयूषनं माझे स्क्रू काढले, वायरी ओढल्या आणि मला भिंतीवरच्या एका फळीवर ठेवून दिलं. त्या फळीवर कोण कोण होतं! पिन मोडलेले, पंखा गेलेले, जळका वास येणारे. एकाच्या अंगावर खडूनं फुली मारलेली होती. भंगारवाला सोमवारी येतो, हे तिथंच कळलं. मला मामांची थाप आठवली आणि रडावंसं वाटलं. आम्हाला रडता येत नाही, ते एक बरं.

पण फळीवरून सगळं दिसत होतं. पीयूषनं माझ्या जागी नवा कोरा एसएमपीएस लावला. चकचकीत, साडेआठशे वॉटचा. वायर सॉकेटात दाबली, "अब देखो" म्हणाला आणि काम सुरू केलं. दहा चित्रं. वीस. सव्वीस. स्क्रीन काळी!

तुम्ही मला दुष्ट म्हणाल, पण माझ्या मनात पहिल्यांदा आनंदच झाला. म्हणजे दोष माझा नव्हता! आणि दुसऱ्याच क्षणी ऋजुताचा चेहरा दिसला आणि तो आनंद विरून गेला.

पीयूषनं कपाळाला हात लावला. "तो फिर कार्ड ही डेड है, काका. कंपनी में भेजना पड़ेगा. पंद्रह-बीस दिन तो पकड़ लो."

"सोमवारी द्यायचंय," ऋजुता म्हणाली. एवढंच म्हणाली आणि खाली स्टुलावर बसली. बाबांचं तोंड तर अगदी उतरलं. कार्ड त्यांनी आणलं होतं ना! "मीच निवडलं गं," ते म्हणाले, "मला त्यातलं कळत नाही, तर कशाला गेलो मी..."

"बाबा, तुम्ही असं बोलू नका ना. मला रडू येईल."

मग बाबांनी खिशातून वही काढली. शुक्रवारचं पान उघडलं आणि त्याखाली आजचं लिहिलं. लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. "पीयूष, जरा ऐक," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदललेला होता, हा फॅक्टरीतला आवाज असावा. "आपण एसएमपीएस बदलला, तरी तसंच झालं. जागा बदलली, भिंत बदलली, तरी तसंच. आता उरलं काय? कार्ड, आणि वायर जिथं कार्डात शिरते ती जागा. कार्डाला दोष देण्याआधी ती जागा कुणी बघितली का?"

"काका, मैंने खुद लगाया है, टाइट है."

"लावलंस. बघितलंस का?"

बाबांनी चष्मा चढवला, पीयूषची टॉर्च घेतली आणि डब्यात डोकं घातलं. मी फळीवरून श्वास रोखून बघत होतो. बाबांनी सॉकेट आणि वायरीचं टोक यांच्यामध्ये अंगठ्याचं नख घातलं. नख आत गेलं! "ही फट कशाची?" ते म्हणाले. "वायर पूर्ण बसलेलीच नाही. खटका अडकलेलाच नाही. हलक्या कामाला टेकून टेकून चालतंय, जोर आला की सुटतंय."

पीयूषनं जोर लावून दाबलं. जाईना. "अंदर कुछ फँसा है," तो म्हणाला आणि या वेळी तोही टॉर्च घेऊन वाकला. वायर काढली. त्या सॉकेटात आठ बारीक खण असतात आणि प्रत्येकात एक काडी. बाबांनी सुई मागितली आणि एका खणात ती हळूच फिरवली. काहीतरी टेबलावर पडलं. लालसर, इवलंसं.

ऋजुतानं ते चिमटीत धरून उजेडात नेलं. तांदळाचा दाणा होता. कुंकू लावलेला.

"अक्षता!" ती म्हणाली. "बाबा, आईच्या अक्षता!"

पीयूष आधी नुसता बघत राहिला, आणि मग असा हसला की स्टुलाचा आधार घ्यावा लागला. "पूजा का चावल! काका, बीस साल की दुकानदारी में ये फॉल्ट पहली बार देखा!"

ऋजुतानं तिथूनच आईला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला. कमलताई आधी मानायलाच तयार नव्हत्या. "मी नीट मधोमध वाहिल्या होत्या हो. कडेला भोकं होती, ती मला वाटलं हवेसाठी असतील." मग एकदम आवाज कापरा झाला. "म्हणजे दोन दिवस पोरीचं काम माझ्यामुळं अडलं?"

"आई, तू नको ना रडू. सापडलं आता."

"अगं, तुझं भलं व्हावं म्हणून चार दाणे जास्तच टाकले गं मी."

हे ऐकल्यावर बाबांनी फोन हातात घेतला. "कमल, चांगलं केलंस. पूजा पावली म्हणूनच तर सापडलं." बाबा एरवी असं बोलत नाहीत. तिकडून नाक पुसल्याचा आवाज आला.

मित्रांनो, त्या वेळी मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! पण माझं काय होणार, हे अजून ठरलं नव्हतं. पीयूष म्हणाला, "काका, नया वाला लगा ही है, रहने दो. पुराना मैं भंगार में डाल दूँगा." नवा आपला चमकत बसला होता. मी फळीवर चिकटून राहिलो. बाबा माझ्याकडे आले, मला दोन्ही हातांनी उचललं आणि टेबलावर ठेवलं. "याला आपण सगळ्यांनी मिळून निकामी ठरवलं," ते म्हणाले. "हा पहिल्यापासून बरोबर होता. माझा मीटर सांगत होता आणि मी ऐकलं नाही. हाच लाव."

पीयूषनं माझे स्क्रू परत बसवले. या वेळी वायर त्यानं ऋजुताच्या हातात दिली. तिनं ती सॉकेटात दाबली. 'टक्' असा आवाज आला. त्या दोन दिवसांत मी तो आवाज एकदाही ऐकला नव्हता. तिथंच परीक्षा घेतली. पन्नास चित्रं, शंभर, दोनशे. वीज माझ्यातून सरळ, न अडखळता जात होती. माझ्यात काहीही बिघडलेलं नव्हतं हो! काहीही नाही!

रविवारी सकाळी नऊ वाजता घरी खरं काम सुरू झालं. तिघंही माझ्यासमोर. कमलताई हातात भाजी घेऊन बसल्या होत्या, पण निवडत नव्हत्या. दर पाच मिनिटांनी विचारायच्या, "कितवं?" चाळिसावं चित्र गेलं तेव्हा त्यांनी सोडलेला श्वास मला आतपर्यंत ऐकू आला. मग घाबरत म्हणाल्या, "देवाजवळ दिवा लावू का? की नको आत्ता?" बाबा म्हणाले, "लाव की. अक्षता मात्र देवालाच वाहा, इकडे नको." तिघंही हसली. आईंनी बाबांना भाजीची काडी फेकून मारली.

दुपार होईपर्यंत मी चांगलाच तापलो होतो, पण ते काम करून तापणं होतं. बाबा मधूनमधून माझ्या पाठीवर हात ठेवून बघत आणि वहीत लिहीत. साडेतीनच्या सुमाराला शेवटचं चित्र झालं. नाव पलीकडच्या काठाला लागली. ऋजुतानं फिल्म दोनदा बघितली आणि पाठवून दिली. सोमवारची वाट बघितलीच नाही.

त्यानंतर बाबा उठून खिडकीपाशी गेले आणि फोन लावला. "फत्तेसिंगजी, नमस्कार. मंगलवार को बिटिया नहीं आएगी. हाँ... नहीं, तबीयत ठीक है. उसका अपना काम है."

ऋजुता खुर्चीतच वळली. "बाबा, निकाल यायचाय अजून. नाही आवडली त्यांना तर?"

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "त्यांना नाही आवडली, तर दुसऱ्यांना पाठव. मी तुझं काम तीन दिवस बघितलं ना."

ती उठली आणि बाबांना बिलगली. कमलताई पदरानं डोळे पुसत चहा टाकायला गेल्या. मी आपला माझ्या कोपऱ्यात पंखा फिरवत राहिलो.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. वर्षातून दोनदा आमची धूळ काढा. पूजा करायची तर जरूर करा, आम्हालाही बरं वाटतं, फक्त फूल वरून ठेवा, आत काही सांडू देऊ नका. वायर लावताना 'टक्' ऐकू आल्याशिवाय हात काढू नका. आणि घरातलं एखादं जुनं यंत्र असो, नाहीतर एखादं शांत बसलेलं माणूस, त्याला निकामी म्हणायच्या आधी टॉर्च घेऊन जरा वाकून बघा. आम्हाला आपली बाजू मांडता येत नाही हो. तुम्ही वाकलात तरच आम्ही वाचतो.